वाढवलेल्या बांगड्यांचे गाव

चौथीत असताना शाळेतल्या 'टाकाऊतून टिकाऊ' स्पर्धेसाठी मी बांगड्यांच्या काचांचा मोर केला होता. जाड पुठ्ठ्यावर खळ लावून हिरव्या तुकड्यांचा पिसारा आणि निळ्या तुकड्यांची मान बसवली होती, आणि चोचीसाठी पिवळ्या बांगडीचा टोकदार तुकडा दोन दिवस शोधला होता. परीक्षक बाईंनी मोर हातात घेतला, पिसाऱ्यावरून जपून बोट फिरवले आणि म्हणाल्या, "कल्पना चांगली आहे, पण तुकडे दिसता कामा नयेत." पहिला क्रमांक एका फुलदाणीला मिळाला. मूळची ती काचेची बाटली होती, पण तिच्यावर दोरा गुंडाळून सोनेरी रंगाचे असे हात दिले होते की बाटली शोधूनही सापडू नये. टाकाऊचा मागमूस पुसणे म्हणजे टिकाऊ, हा धडा मी त्या दिवशी मुकाट्याने शिकले, आणि तो चुकीचा असल्याचे लक्षात यायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

त्या बांगड्या मला आईने एका डब्यातून काढून दिल्या होत्या. देताना ती 'फुटलेल्या' म्हणाली नव्हती. 'वाढवलेल्या आहेत, घे' असे म्हणाली होती. आपल्या भाषेत बांगडी फुटत नाही, ती वाढवतात. नारळ वाढवतात, मंगळसूत्र तुटले तरी ते वाढवले असेच म्हणतात. अशुभाचा उच्चार टाळण्यासाठी केलेली ही तडजोड आहे हे कळत असूनही त्या शब्दात मला नेहमी आणखी काही तरी ऐकू येत आले आहे. एका गोष्टीची मोडून दहा शकले झाली, म्हणजे संख्येने तरी ती वाढलीच, असा काहीसा तो हिशेब आहे.

हा हिशेब मला डोळ्यांनी पाहायला मिळाला तो चंदीगडला. सेक्टर १ मध्ये, या शहराची आखणी करणारा वास्तुविशारद ल कॉर्ब्युझिए याच्या विधानसभा, सचिवालय आणि उच्च न्यायालयाच्या भव्य काँक्रीटच्या इमारती आणि सुखना तलाव यांच्या मधल्या दरीत नेकचंद सैनी यांचे रॉक गार्डन आहे. बाहेर रस्ते इतके सरळ आहेत की वळणाची सवय मोडते. आत शिरल्यावर एकही वाट सरळ जात नाही. दारे मुद्दाम ठेंगणी ठेवलेली आहेत, त्यामुळे उंच माणसालाही वाकून आत जावे लागते. भिंतींवर कुठे विजेच्या सॉकेटांच्या रांगा, कुठे फुटकी चिनीमाती, कुठे स्नानगृहांतली मोडकी भांडी, तर कुठे उपड्या मातीच्या घागरी चिणलेल्या आहेत. डांबराची रिकामी पिंपे साच्यासारखी वापरून ओतलेले काँक्रीट तटबंदी होऊन उभे आहे. एका वळणावर मी थांबले ती मात्र थांबलेच. समोरच्या उतारावर, पायऱ्यापायऱ्यांनी, बायका उभ्या होत्या. शेकडो नसतील, पण शेकडो वाटाव्यात इतक्या. प्रत्येकीचे लुगडे काचेच्या बांगड्यांच्या तुकड्यांचे होते, आणि एकही तुकडा लपवलेला नव्हता.

नेकचंद यांचा जन्म १९२४ सालचा, बेरियां कलां नावाच्या गावातला. गाव शकरगढ तहसिलीत, म्हणजे तेव्हाच्या गुरदासपूर जिल्ह्यात होते. या जिल्ह्याची गोष्ट फाळणीच्या इतिहासात वेगळी सांगावी लागते. ८ जुलै १९४७ रोजी सर सिरिल रॅडक्लिफ दिल्लीत आले, त्यापूर्वी त्यांनी हिंदुस्थान पाहिलेला नव्हता, आणि पंजाब व बंगाल अशा दोन्ही प्रांतांच्या सीमा आखायला त्यांच्या हाती जेमतेम पाच आठवडे होते. तात्पुरत्या वाटणीत सारा गुरदासपूर जिल्हा पाकिस्तानकडे दाखवला होता. अंतिम निवाडा १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्य मिळून दोन दिवस उलटल्यावर जाहीर झाला. त्यात गुरदासपूर, बटाला आणि पठाणकोट या तीन तहसिली भारतात आल्या आणि रावीच्या पलीकडची शकरगढ तेवढी पाकिस्तानात राहिली. एका जिल्ह्याच्या चार तहसिलींपैकी एक बाजूला पडली, आणि बाविशीतल्या नेकचंद यांचे गाव नेमके त्या एकीत होते. कुटुंब गाव सोडून निघाले आणि भारतात आले.

चंदीगडच्या जन्माचे कारणही तेच आहे. पंजाबची राजधानी लाहोर पलीकडे गेली, म्हणून अलीकडच्या पंजाबला नवी राजधानी हवी होती. सीमेने हिरावलेल्या शहराची ही भरपाई होती, आणि तिच्यासाठी शिवालिकच्या पायथ्याची डझनाहून अधिक नांदती गावे उठवण्यात आली. आपण या शहराला नवेकोरे म्हणतो, कोऱ्या कागदावर आखलेले म्हणतो; पण कागद कोरा नव्हता, तो कोरा केला गेला होता. पाडलेल्या घरांची कौले, चुली, रांजण, दारांच्या चौकटी आणि लेकी-सुनांच्या बांगड्या हे सगळे राडारोडा म्हणून एका बाजूला लोटले गेले. सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक म्हणून लागलेला एक निर्वासित रोज सायकलवरून त्या ढिगाऱ्यांच्या शेजारून जात होता. ज्याचे स्वतःचे गाव रेषेपलीकडे गेले, त्याच्या डोळ्यांसमोर दुसऱ्यांची गावे मातीमोल होत होती. या जागी मला त्याच्या कलेचे मूळ दिसते. 'कचऱ्यातून सौंदर्य' हे नेहमीचे कौतुक मला अपुरे वाटते, कारण तो कचरा नव्हता. ती कुणाकुणाची घरे होती, आणि घर कशाला म्हणतात हे त्या माणसाला नुकतेच फार नीट कळले होते.

१९५८ च्या सुमारास त्यांनी राखीव जंगलातल्या दरीत एक झोपडी बांधली आणि तिथे सामान साठवायला सुरुवात केली. सुखना चोच्या, म्हणजे पावसाळी ओढ्याच्या, पात्रातून माणसांसारखे, पक्ष्यांसारखे भासणारे दगड ते सायकलवर लादून आणत. जमवण्यातच काही वर्षे गेली. मूर्ती घडवणे त्यानंतर, साठीच्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले. दिवसा नोकरी आणि रात्री हे काम, तेही सायकलचे जुने टायर जाळून केलेल्या उजेडात. सायकलची सीट प्राण्याचे डोके होई, चिमटा पाय होई, आणि सांगाड्यावर सिमेंट चढवून वरच्या थरात काचा, बशांचे तुकडे, बांगड्या बसवल्या जात. ही कामाची रीत नीट पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. फुटक्या बशा सांधून पुन्हा बशी करण्याचा खटाटोप या माणसाने कधी केलेला नाही. मोडलेल्या वस्तूचे मोडलेपण त्याने तसेच राहू दिले आणि तिला शेजार मात्र नवा दिला. एका घरातल्या कपाचा कान दुसऱ्या घरातल्या ताटाच्या कडेला येऊन बसला, आणि दोघे मिळून एका राणीचा पदर झाले.

हे सारे बेकायदेशीर होते, हे विसरून चालत नाही. जमीन जंगलखात्याची, तिथे बांधकामाला सक्त मनाई. शिवाय कॉर्ब्युझिएने शहरासाठी लिहून ठेवलेल्या आज्ञापत्रात चंदीगडमध्ये कुणाही व्यक्तीचा पुतळा उभारू नये असे बजावले आहे; पुतळ्यांचे युग सरले, असे त्यात म्हटले आहे. त्या आज्ञेचा अर्थ आपल्याकडच्या चौकाचौकांतून फिरलेल्या माणसाला चटकन पटतो, आणि मला तर ती मनापासून आवडते. तरीही गंमत अशी की ज्या शहरात एकाही थोर माणसाला चौथरा मिळायचा नव्हता, त्याच शहराच्या पोटात वर्षानुवर्षे हजारो अनामिक माणसे गुपचूप उभी राहत होती. सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर सरकारी पथकाला ती सापडली तेव्हा पसारा बारा एकरांच्या घरात गेला होता. पाडायचे की ठेवायचे यावर खल झाला. २४ जानेवारी १९७६ रोजी बाग लोकांसाठी खुली झाली, नेकचंद यांना पगार आणि हाताखाली पन्नास मजूर मिळाले, आणि १९८४ मध्ये पद्मश्रीही मिळाली. अतिक्रमण करणारा त्याच जागेचा अधिकारी झाला, असे आपल्या देशात फार वेळा घडलेले नाही.

अतिक्रमण म्हणजे हद्द ओलांडणे. इथे मला मराठीतल्या शब्दांकडे वळावेसे वाटते, कारण सीमेविषयी आपण काय मानतो ते त्यांत साठलेले आहे. वेस ही आत येण्यासाठी असते. तिला दार असते, आणि तिच्याशी निरोप दिले-घेतले जातात. शीव ही दोन गावांची सामाईक असते, म्हणून तर शिवेवरच्या देवाला दोन्ही गावांचे नैवेद्य जातात. काठ हा नदीचाही असतो आणि लुगड्याचाही, आणि लुगड्याची किंमत पुष्कळदा काठावरूनच ठरते. सरहद्द हा शब्द फारसीतून आला आणि त्याच्याबरोबर चौकी आणि पहारेकरी आले. रॅडक्लिफने आखली ती सरहद्द होती. पण तिच्या दोन्ही अंगांना राहणारी माणसे तोवर शिवेवर आणि काठावर राहत आली होती. सीमेवरच्या माणसाची ओळख निम्मी इकडची आणि निम्मी तिकडची असते, असे सरधोपटपणे म्हटले जाते. मला ते हिशेबात बसत नाही. काठावरच्या माणसाला काठ हाच मध्य असतो. मधला भाग त्याच्यासाठी दूरचा असतो.

खुद्द चंदीगडलाही हे भाग्य चुकले नाही. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुन्हा वाटणी झाली, हरयाणा वेगळा निघाला, आणि दोघांची राजधानी असलेले हे शहर केंद्रशासित होऊन दोघांपैकी एकाचेही राहिले नाही. (त्याच्या बरोबर दहा वर्षे आधीची, १९५६ ची १ नोव्हेंबर बेळगाव-कारवारकडच्या मराठी माणसाला आणखी वेगळ्या कारणाने आठवते. राज्ये आखणाऱ्यांना ही तारीख का प्रिय असावी कोण जाणे.) म्हणजे रावीपलीकडून उखडलेला माणूस ज्या मातीत स्थिरावला, तीही लवकरच एका नव्या रेषेवर आली.

रॅडक्लिफची दुसरी रेषा बंगालमधून गेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना टाकाऊची एक फार जुनी कला नांदते आहे. जीर्ण साड्या आणि धोतरे यांचे थर एकावर एक अंथरून बायका धावदोऱ्याने त्यांची कांथा शिवतात. आपल्या गोधडीची ही सख्खी बहीण. फरक असलाच तर तिच्या टाक्यांतून कमळे, मासे, पालख्या, हत्ती उमटतात एवढाच. त्यातली एक रीत मला कोणत्याही सिद्धान्तापेक्षा मोलाची वाटते. नक्षीसाठी लागणारा रंगीत दोरा पूर्वी बाजारातून आणत नसत. त्याच जुन्या साड्यांच्या काठांतून एकेक धागा उसवून काढत. मधले कापड विरले तरी काठ धड राहतो आणि त्याचा रंगही टिकतो, म्हणून अखेर काठाचाच धागा मधल्या चिंध्यांना एकत्र धरतो. सीमाभागाविषयी मी वाचलेल्या पानोपानीच्या चर्चांत इतकी नेमकी गोष्ट मला सापडलेली नाही, आणि ती कुणी मांडलेली नाही. ती शिवलेली आहे.

१५ ऑगस्ट १९४७ ला खुलन्यात भारताचा आणि मुर्शिदाबादमध्ये पाकिस्तानचा झेंडा लागला होता. दोन दिवसांनी निवाडा जाहीर झाला आणि दोन्ही ठिकाणचे झेंडे बदलावे लागले. खुलना पूर्व पाकिस्तानात गेले, मुर्शिदाबाद भारतात आले. त्या दोन दिवसांत खुलन्यात किंवा मुर्शिदाबादेत कुणी बाई कांथा शिवत बसली असेल, तर तिची पहिली रांग एका देशात आणि शेवटची दुसऱ्या देशात पडली असेल. टाका मात्र तोच राहिला असणार, कारण त्याला झेंड्याची गरज नसते. निदान आजवर नव्हती. २००८ मध्ये पश्चिम बंगालच्या नक्षी कांथेला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि पुढे बांगलादेशानेही आपल्याकडच्या जमालपूरच्या नक्षी कांथेला तसेच मानांकन दिले. कारागीर बायकांच्या पदरात त्यामुळे चार पैसे पडणार असतील तर मानांकनाला नाव ठेवण्याचे मला कारण नाही. पण मालकी सोडलेल्या चिंध्यांपासून जे उभे राहिले, त्याच्या मालकीचे दोन दाखले दोन देशांत लागले आहेत, हे पाहून हसावे की गप्प बसावे ते कळत नाही.

टाकलेल्या वस्तूंची कला निरागसच असते असे मी मानत नाही. अमेरिका आणि मेक्सिको यांच्या सीमेवर ओलांडणाऱ्या माणसांच्या मागे राहिलेल्या वस्तू, म्हणजे पाण्याचे कॅन, बूट, कपडे, आणि त्याच वाळूत पडलेली गस्ती पथकाची रिकामी काडतुसे, यांपासून गिलेर्मो गालिंडो या मेक्सिकोत जन्मलेल्या संगीतकाराने वाद्ये घडवली आहेत. त्यांतल्या पुष्कळशा वस्तू छायाचित्रकार रिचर्ड मिझरॅक यांनी सीमेवर फिरताना गोळा केल्या होत्या. त्या वाद्यांची कल्पना अंगावर काटा आणते. पण वाळवंटात पडलेला लहान मुलाचा बूट हा 'टाकलेला' असतो का? टाकणे ही मालकाने आपल्या मर्जीने केलेली कृती आहे. निसटणे, सुटणे, धावताना मागे राहणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वस्तूला आवाज देणारा कलावंत ज्याचा बूट होता त्याला विचारू शकत नाही. ही अडचण त्या कामातून वजा करता येत नाही. माझ्या मते तिच्यामुळेच ते काम शोभेच्या वस्तूंपासून वेगळे राहते. नेकचंद यांच्या बाबतीतही हीच अडचण आहे, फक्त ती अधिक जुनी असल्याने आपल्याला टोचत नाही.

म्हणून मी रॉक गार्डनमध्ये दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पहिल्या दिवशी कौतुकाने पाहिले होते; या वेळी चेहरे पाहायचे होते. जवळून पाहिले तर चेहरे फारसे घडवलेलेच नाहीत: दोन ठिपके डोळ्यांचे, एक रेघ तोंडाची. कुणी घागर घेतलेली, कुणी मूल कडेवर घेतलेले, काही नुसत्याच हात सोडून उभ्या. नेकचंद स्वतः या जागेविषयी बोलताना देवदेवतांच्या आणि राजांच्या राज्याविषयी बोलत, लहानपणी ऐकलेल्या गोष्टींविषयी बोलत. फाळणीचे स्मारक वगैरे भाषा त्यांनी वापरलेली नाही, आणि आपण ती त्यांच्या तोंडी घालू नये. तरी रांगेने, एकाच दिशेला तोंड करून, काही तरी होण्याची वाट पाहत उभी असलेली इतकी माणसे पाहिल्यावर १९४७ च्या काफिल्यांची छायाचित्रे आठवली नाहीत असे मी म्हटले तर ते खोटे ठरेल. पुढच्या टप्प्यातले उंच कमानींना टांगलेले झोपाळे, धबधबे, महाल यांत गर्दी फार होती. तिथे मी रमले नाही. तो भाग राजाश्रय मिळाल्यानंतरचा आहे, आणि चोरून केलेल्या कामातली घाई आणि जवळीक त्यात उरलेली नाही.

बेरियां कलां ज्या तहसिलीत गेले, तिथेच रावीकाठी करतारपूरचा गुरुद्वारा आहे. गुरू नानकांची अखेरची वर्षे तिथे गेली. सीमेपासून तो पाच किलोमीटरांच्याही आत आहे, आणि तरी कित्येक वर्षे भाविक भारताच्या बाजूला डेरा बाबा नानक येथे उंचवट्यावर उभे राहून दुर्बिणीतून त्याचे दर्शन घेत. ९ नोव्हेंबर २०१९ रोजी भारतातून तिथे जाण्याची मार्गिका खुली झाली तेव्हा नेकचंद यांना जाऊन चार वर्षे लोटली होती. १२ जून २०१५ रोजी, नव्वदाव्या वर्षी ते वारले. दुर्बीण लावून आपल्याच मुलखाकडे पाहणाऱ्या त्या रांगा आणि दरीतल्या त्या रांगा यांची मनातल्या मनात सांगड घालण्याचा मोह मला आवरत नाही.

बागेच्या वाट्याला हद्दीचा वाद अजून येतोच आहे. १९९० मध्ये बुलडोझर आले होते, तेव्हा चंदीगडच्या लोकांनी हातात हात घालून साखळी केली आणि ते परत धाडले. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाकडचा रस्ता रुंद करताना बागेच्या भिंतीचा काही भाग निषेध झाला तरी पाडण्यात आला. राडारोड्यातून उभ्या राहिलेल्या भिंतीचा पुन्हा राडारोडा झाला. त्यातले तुकडे कुणी उचलले असतील का, असा प्रश्न ती बातमी वाचताना माझ्या मनात सर्वांत आधी आला.

चंदीगडहून परतल्यावर आईला छायाचित्रे दाखवत होते. ठेंगणी दारे, घागरींची भिंत, सायकलच्या सांगाड्यांचे प्राणी हे सगळे तिने 'हं, हं' करत पुढे सरकवले. बांगड्यांच्या बायकांपाशी ती थांबली. फोन डोळ्यांजवळ नेला, दोन बोटांनी चित्र मोठे केले, आणखी मोठे केले, इतके की मूर्ती दिसेनाशी होऊन पडद्यावर नुसत्या काचा उरल्या: हिरव्या, लाल, मधूनच एखादी सोनेरी टिकल्यांची.

"या सगळ्या वाढवलेल्याच ना?" तिने विचारले.

मी हो म्हटले.

ती बराच वेळ त्या काचांकडे पाहत राहिली, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "कुणाकुणाच्या असतील गं?"